दूरचें गिऱ्हाईक आणि मधला अडत्या

ठाण्याच्या उत्तरेस खाडीच्या कांठीं वसलेलें कोलशेत हें एके काळीं आगरी-कोळ्यांचें गांव होतें. पुढें तेथें कारखाने आले आणि आतां उंच इमारतींची दाट वस्ती झाली आहे. अशा वस्तींतील घराघरांतून आज एक नवा व्यापार चालतो. त्याला दुकान नाहीं कीं पाटी नाहीं. साड्या, तांब्यापितळेचीं भांडीं, जुना कॅमेरा यांचीं छायाचित्रें आंतरजालावरील बाजारांत मांडावयाचीं आणि मागणी येईल तसा माल रवाना करावयाचा. विक्रेत्याला गिऱ्हाईकाचें तोंड दिसत नाहीं. त्यांतून गिऱ्हाईक राहणार न्यू जर्सीचें आणि माल मात्र भिवंडीकडील एखाद्या वखारींत पोंचविण्यास सांगणार, असें झालें म्हणजे त्याचें मन साशंक होतें. हें गिऱ्हाईक खरें कीं खोटें?

प्रथम ही वखार कोणाची, तें समजून घ्यावें. तिचा मालक ‘फ्रेट फॉरवर्डर’, म्हणजे दुसऱ्याचा माल आपल्याकडे उतरवून पुढें रवाना करणारा अडत्या असतो. आपल्याकडील पुष्कळ विक्रेते परदेशीं माल धाडीत नाहींत. म्हणून परदेशांतील मराठी कुटुंबें अशा अडत्याचा पत्ता देतात. एकीकडून पैठणी, दुसरीकडून पुस्तकें, तिसरीकडून दिवाळीचा फराळ येतो. अडत्या तें सारें एका खोक्यांत नीट बसवितो. विमानानें माल नेणाऱ्या कंपन्या केवळ वजन पाहत नाहींत. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्यें मोजून त्यांच्या गुणाकाराला बहुधा 5000 नें भागतात आणि येणारें किलो प्रत्यक्ष वजनाहून अधिक असल्यास त्यावर भाडें आकारतात. तीन पोकळ खोक्यांचें एक घट्ट खोकें करण्यांत गिऱ्हाईकाचा उघड फायदा आहे. नांवापुढें अक्षरांचा व अंकांचा एखादा क्रमांक असणें हीहि या पत्त्याची नेहमींची खूण. वखारींतील शेंकडों गिऱ्हाइकांचा माल त्यावरूनच ओळखला जातो. तेव्हां असा पत्ता हा कांहीं लबाडीचा पुरावा नव्हे.

मध्यस्थामार्फत दूरचा व्यापार करणें या मुलखाला नवें नाहीं. कान्हेरीच्या लेण्यांतील प्राचीन शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांची नोंद आहे. हुंडीच्या व्यवहारांत ‘शहाजोग’ हुंडी असे. ती पेठेंत पत असलेल्या शहामार्फतच वटवावी लागे, आणि मागाहून खोटी ठरल्यास पैशांची जबाबदारी त्या शहावर येई. अनोळखी माणसाशीं व्यवहार करावयाचा, पण मध्यें जबाबदार माणूस असल्यावांचून नाहीं, हें त्यामागील तत्त्व. गमतीची गोष्ट अशी कीं, तोच ‘शहाजोग’ शब्द आज मराठींत सभ्यपणाचें सोंग आणणाराला लावतात. विक्रेत्याला पारख करावयाची आहे ती या दोन अर्थांमधलीच.

ती पारख मालाच्या वाटेवरून होत नाहीं, पैशाच्या वाटेवरून होते. खरें गिऱ्हाईक बाजाराच्या ठरलेल्या मार्गानें पूर्ण रक्कम भरतें आणि अडत्याचें भाडें अडत्याला स्वतः देतें. विक्रेत्याचा त्या भाड्याशीं संबंधच येत नाहीं. लबाड माणूस मात्र विक्रेत्याच्या खिशांतून पैसा बाहेर काढूं पाहतो. ‘चुकून अधिक रक्कम पाठविली आहे, वरची अडत्याला देऊन टाका,’ असें तो कळवितो. रक्कम आल्याचा संदेश बनावट असतो, किंवा जमा झालेली रक्कम मागाहून रद्द होते. तोंवर विक्रेत्यानें दिलेले पैसे गेलेले असतात, आणि माल पाठविला असेल तर तोहि जातो. तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें!

दुसरा प्रकार चोरलेल्या कार्डाचा. महागडी व सहज विकली जाणारी वस्तु, एकाच दिवशीं अनेक मागण्या, नवें खातें, भाडें कितीहि पडो पण आजच धाडा अशी घाई, आणि पैसे भरल्यावर पत्ता बदलण्याची विनंति, हीं चिन्हें एकत्र दिसलीं कीं हात आखडावा. कार्डाचा खरा धनी पुढें तक्रार करतो आणि पैसे परत घेतले जातात. तिसरा प्रकार सैनिकी वेषाचा. कोलशेतास वायुदलाचें ठाणें आहे. ‘येथें बदली झाली आहे, माझा माणूस सामान नेईल,’ हें बोलणें तेथें सहज पटतें. मग पैसे देण्याच्या मिषानें क्यूआर चित्र पाठवून यूपीआयचा पिन घालावयास सांगतात. पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. तो लागतो देण्यासाठीं.

खरें गिऱ्हाईक वाटलें तरी पुरावा राखावा. रक्कम जमा झाल्याची खात्री संदेशावरून न करतां आपल्या खात्यांत पाहून करावी. बोलणें बाजाराच्या पत्रपेटींतच ठेवावें. वस्तु बांधण्यापूर्वीं तिचें छायाचित्र घ्यावें, पावतीवर वजन नोंदवावें आणि माल मागणींतील पत्त्यावरच धाडावा. पेपालसारख्या संस्था विक्रेत्याला संरक्षण देतांना व्यवहारांत नोंदलेल्या पत्त्यावर माल धाडल्याचाच पुरावा पाहतात. ईबेची खरेदीदारास असलेली हमी तर माल मूळ पत्त्यावरून अन्यत्र धाडल्यावर लागू राहत नाहीं. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगतां तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावें; जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

प्रत्येक वखारीच्या पत्त्याला भिऊन मागणी नाकारणारा विक्रेता परदेशांतील प्रामाणिक कुटुंबालाहि दाराबाहेर ठेवतो आणि आपली कमाई घालवितो. उलट, गोड बोलण्याला भुलणारा भांडवल घालवितो. गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारण्यांत अपमान नाहीं. खरा मनुष्य त्यांचें उत्तर शांतपणें देतो; घाई करतो आणि रागावतो, त्याचा माल घरींच ठेवावा.