स्वमग्न प्रौढांच्या लपलेल्या सवयी

अंग झुलवणे, हात फडफडवणे, बोटे डोळ्यांसमोर नाचवणे, हाती लागेल ती वस्तू गरागरा फिरवणे. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता असलेल्या मुलांमधल्या या हालचाली पालकांच्या आणि डॉक्टरांच्या चटकन नजरेत भरतात. त्यांना स्टिमिंग म्हणतात. मूल मोठे झाले की त्या बहुधा दिसेनाशा होतात, पण संपतात असे नाही. त्यांची जागा बदलते, आवाका आक्रसतो, आणि त्या टेबलाखाली, खिशात, तोंडात, कधी तर निव्वळ मनात चालू राहतात. प्रौढांच्या स्टिमिंगविषयी इतके कमी बोलले जाते, त्याचे मुख्य कारण हेच.

अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या हालचाली नोंदलेल्या आहेत. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट हवेत बोटे एकमेकांत गुंतवत फिरे, मान डोलवे, तीनच सुरांची एक धून गुणगुणत राही आणि फिरवता येईल ती वस्तू मोठ्या आनंदाने फिरवे. पुढे हा मुलगा मिसिसिपी राज्यातल्या आपल्या छोट्या गावातल्या बँकेत नोकरीला लागला, देशोदेशी हिंडला, गोल्फ खेळला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९व्या वर्षी वारला. ओळखीच्या माणसांना तो क्रमांक देई आणि ते विसरत नसे. गोल्फचा फटका मारण्यापूर्वीच्या त्याच्या हालचालीही ठरलेल्या असत. गावाने हे सारे त्याचा स्वभाव म्हणून पत्करले. इतके नशीब थोड्यांच्याच वाट्याला येते.

या सवयींचे मूळ संवेदनांमध्ये आहे. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची लुकलुक, कॉलरमागचे टोचणारे लेबल, फोडणीचा वास या गोष्टी बहुतेकांच्या मेंदूला आपोआप बाजूला सारता येतात. अनेक स्वमग्न व्यक्तींना त्या सारता येत नाहीत. सगळे एकाच वेळी आणि सारख्याच जोराने अंगावर येते. काहींच्या बाबतीत याच्या उलट घडते. संवेदना क्षीण पोचतात आणि शरीर अधिक मागत राहते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेने, म्हणजे डीएसएमने, २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांमधली ही तफावत प्रथमच निकषांत घेतली. स्टिमिंगमधून मिळणारी संवेदना स्वतःच निर्माण केलेली, तालबद्ध आणि आधीच ठाऊक असलेली असते. तिच्या आधारावर बाकीचा गोंगाट मागे ढकलता येतो. झुलण्याने अंतर्कर्णातल्या तोलाच्या यंत्रणेला, तर दाबण्या-चावण्याने स्नायूंना आणि सांध्यांना ती मिळते. आणि हे केवळ भीती किंवा थकवा आला म्हणून घडत नाही. अतिशय आनंद झाला तरी हात फडफडतात.

प्रौढांमध्ये आढळणारे प्रकार वेगळेच असतात. बुटाच्या आत पायाची बोटे ठरावीक क्रमाने दाबणे, जीभ टाळूला टेकवून सोडणे, दातांवर दात हलकेच आपटून ताल धरणे, गालाची आतली बाजू चावत राहणे, अंगठ्याने बोटांची पेरे पुढून मागे आणि मागून पुढे मोजणे हे समोर बसलेल्या माणसालाही कळत नाही. खिशातले नाणे, रुमालाची शिवण, पदराचा किंवा ओढणीचा काठ यांवरून बोट फिरत असते. पेनाची टोपणे आणि बर्फाचे खडे चघळले जातात. एखाद्या विशिष्ट साबणाचा किंवा कापडाचा वास घेतला की कुणाचा श्वास खाली बसतो. कोणी धुलाईयंत्राचा फिरता ड्रम पाहत उभे राहते, तर कोणी एकच गाणे तासन्‌तास लावून ठेवते आणि त्यातही एकाच जागेपाशी पुन्हा पुन्हा येते. कानाला गोड लागलेला शब्द किंवा जाहिरातीतले एखादे वाक्य एकांतात मोठ्याने घोळवणारे आहेत. ऐन उन्हाळ्यातही अंगावर जड गोधडी लागणारे आहेत, तसे घट्ट कपड्यांतच सैलावणारेही आहेत.

सर्वांत कमी ठाऊक असलेला प्रकार मनातला. ऐकलेले प्रत्येक वाक्य मनातल्या मनात टाइप करणे, पाटीवरची अक्षरे मोजून ती सम की विषम हे ठरवणे, चर्चगेटपासून विरारपर्यंतची स्थानके उलटसुलट म्हणणे, पाठ झालेल्या चित्रपटाचे दृश्य डोळ्यांपुढे चालवणे. बाहेरून पाहणाऱ्याला इतकेच दिसते की या माणसाचे लक्ष नाही. प्रत्यक्षात समोरच्या बोलण्यावर लक्ष टिकावे म्हणूनच बऱ्याचदा हा उद्योग चाललेला असतो.

पाय हलवणे, नखे कुरतडणे, फोनवर बोलताना कागदावर रेघोट्या ओढणे हे सगळेच करतात. फरक गरजेच्या तीव्रतेत आहे, आणि समाजमान्यतेतही. झोपाळ्यावर तासभर झोके घेत बसलेला माणूस कोणाला खटकत नाही. तोच बसथांब्यावर उभ्या उभ्या झुलू लागला की लोक दूर सरकतात.

म्हणून लपवणे सुरू होते. शाळेतले ओरडे, भावंडांची चेष्टा, ‘नीट बस’, ‘हात शांत ठेव’ या आज्ञा यांतून मोठ्या हालचालीच्या जागी लहान हालचाल येते. मुलींना हे अधिक लवकर शिकवले जाते. स्वमग्न स्त्रिया स्वतःचे वेगळेपण पुरुषांपेक्षा अधिक लपवतात, असे गेल्या काही वर्षांतल्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यांचे निदान उशिरा होण्यामागे हेही एक कारण मानले जाते. लपवण्याची किंमत मोठी असते. दिवसभर स्वतःला आवरून घरी पोचल्यावर तासन्‌तास बोलणेही नकोसे होते. हे वर्षानुवर्षे चालले तर चिंता, नैराश्य आणि सर्व शक्ती संपल्यासारखा थकवा येऊ शकतो.

या हालचाली बंद पाडण्याचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांनी १९६०च्या दशकात स्वमग्न मुलांच्या वर्तनात बदल घडवण्यासाठी बक्षिसांबरोबर थपडा आणि विजेचे झटकेही वापरले. गंमत अशी, की याच लोवास यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८७ साली मांडले, की अशा हालचालींतून मिळणारी संवेदना हेच त्यांचे बक्षीस असते आणि म्हणूनच त्या टिकतात. एवढे कळल्यावर त्या संवेदनेची गरज का आहे, हा प्रश्न पुढे यायला हवा होता. तो स्वतः स्वमग्न असलेल्या प्रौढांनी पुढे आणला. स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘ऑटिझम’ या नियतकालिकात ३२ स्वमग्न प्रौढांची मते प्रसिद्ध केली. स्टिमिंग आपल्याला सावरते, ते नाहीसे करणारे उपचार नकोत, असा त्या मतांचा सूर होता.

स्वतः स्वमग्न असलेल्या टेंपल ग्रँडिन यांची गोष्ट यात वेगळी उठून दिसते. जनावरांना लस टोचताना स्थिर धरणारा पिंजरा त्यांनी अ‍ॅरिझोनात मावशीच्या गुरांच्या फार्मवर पाहिला. दोन्ही बाजूंनी दाब आला की काही गाई शांत होत. त्यावरून त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी फळ्यांचे यंत्र बनवले आणि किती दाब हवा याचा दांडा आपल्याच हाती ठेवला. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. आज बाजारात मिळणारी जड पांघरुणे याच तत्त्वावर विकली जातात. मात्र ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात २०१४ साली आलेल्या, स्वमग्न मुलांवरच्या चाचणीत अशा पांघरुणाने झोपेचा वेळ वाढला नाही. तरीही मुलांना आणि पालकांना साध्या पांघरुणापेक्षा तेच अधिक आवडले.

स्टिमिंग आणि इतर लक्षणे यांत गल्लत होऊ शकते. टिक ही अचानक येणारी, झटक्यासारखी, बरीचशी अनैच्छिक हालचाल असते. मंत्रचळात माणूस काही वाईट घडेल या धास्तीने कृती करतो आणि ती करताना त्याला सुख नसते. स्टिमिंगने बहुधा बरे वाटते. ते थांबवण्याचे कारण एकच, इजा. डोके आपटणे, हात चावणे, कातडी सोलणे हे चालू द्यायचे नसते, पण निव्वळ मनाई करूनही भागत नाही. तीच संवेदना देणारा सुरक्षित पर्याय शोधावा लागतो: चावण्याजोगी रबरी वस्तू, बर्फ, भिंतीवर हातांनी जोर देणे. असे वर्तन एकाएकी सुरू झाले किंवा वाढले, तर दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता यांसारखे दुखणे आधी तपासून घ्यावे. बोलता न येणाऱ्या प्रौढांच्या बाबतीत तर हे हमखास राहून जाते.

भारतात स्वमग्नतेचे प्रमाण ठरवण्यासाठी ‘इसा’ ही चाळीस मुद्द्यांची मापनश्रेणी वापरली जाते. तिच्यात पुनरावृत्तीच्या हालचाली आहेत, संवेदनांचा स्वतंत्र विभागही आहे. परंतु गुण द्यायचे ते निरीक्षणावरून आणि पालकांच्या सांगण्यावरून. ज्याने वीस-तीस वर्षे सर्व काही बुटात आणि मनात कोंबले आहे, त्याचे या कागदावर काय उमटणार, ही अडचण खरी आहे. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि प्रत्येक सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी वाजवी सोयी कराव्यात, असे तो सांगतो. हेडफोन लावू देणे, लुकलुकणाऱ्या दिव्यापासून दूर जागा देणे, बैठकीत हातात काही घेऊन बसण्याला किंवा मागे उभे राहून ऐकण्याला हरकत न घेणे अशा या सोयी असू शकतात. यांतल्या बहुतेकांना पैसा लागत नाही, साहेबांची परवानगी पुरते.