चिल्लरमधली चांदी

मंडळी, बाजारातून घरी आल्यावर आपण उरलेली चिल्लर कुठे टाकतो? कोणी फडताळातल्या डब्यात टाकतो, कोणी देवापुढच्या वाटीत. बाया लुगड्याच्या गाठीला बांधतात. पैसे मोजताना आपण नाण्याचा आकार बघतो, त्यावरची अक्षरे मात्र वाचत नाही. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा आज त्या नाण्यांवर काय लिहिलेले असते, आणि वाचले तर काय हाती लागते, ते बघू.

आज सरकार रोजच्या व्यवहारासाठी जी नाणी काढते, त्यांत चांदीचा कणही नसतो. एक-दोन रुपयांची नाणी पोलादाची असतात. पाचाचे नाणे पितळेच्या जातीचे असते. दहाचे आणि वीसचे दोन धातूंचे. मग चिल्लरमध्ये चांदी येते कुठून? ती येते जुन्या डब्यांतून. आजे-सासऱ्यांपासून घरात पडलेली नाणी नव्या नाण्यांत मिसळतात. कोणी न बघता ती दुकानदाराला देतो, दुकानदार न बघता दुसऱ्याला देतो.

आम्ही नागपुरात धरमपेठेत राहतो. शाळेतून मोकळे झाल्यापासून संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घेतो. जवळच गोकुळपेठेचा बाजार आहे. तिथे भाजी विकणाऱ्या काही बाया वर्गाला येतात. त्यांतल्या एका बाईने एकदा सासूचा चिल्लरचा डबा वर्गात आणला. डब्यात बहुतेक चाराणे. ३० जून २०११ पासून चाराणे आणि त्याहून लहान नाणी सरकारने बंद केली, तेव्हा बँकेत द्यायची राहून गेलेली. आम्ही म्हटले, चला, आज पाटीवरचे आकडे नकोत, नाण्यांवरचे वाचा.

वाचता वाचता बाई थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, बाकी साऱ्या चाराण्यांवर गेंडा आहे. याच्यावर कोणाचं तरी तोंड दिसून राहिलं."

आम्ही साल वाचायला सांगितले. त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून वाचला. एक, नऊ, एक, सात. १९१७! ती इंग्रजांच्या वेळची चांदीची पावली होती, म्हणजे पाव रुपया. गेंड्याचा पोलादी चाराणा आणि ही पावली आकाराने आणि वजनाने जवळजवळ सारखी. म्हणून एवढी वर्षे ती त्यांच्यात दडून बसली. तशीच गंमत चवलीची. चवली म्हणजे चांदीचे दोन आणे. ती बारीक असते, आणि १९८८ नंतरच्या दहा पैशांच्या पोलादी नाण्यांत सहज खपून जाते.

दुसऱ्या दिवशी बाई ती पावली एका दुकानात दाखवायला घेऊन गेल्या. दुकानदाराने उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "लोखंड आहे. चालत तर नाहीच. पण तुम्ही आल्या म्हणून पाच रुपये देतो." आता तुम्हीच सांगा, न चालणाऱ्या लोखंडाचे कोणी पाच रुपये देतो का? बाईंना हेच खटकले. त्यांनी ती पदराला बांधून परत आणली.

आमच्याकडे एका मोडक्या रेडिओतला चुंबक होता. तो आम्ही डब्यात सोडला. गेंड्याचे चाराणे त्याला मुंग्या गुळाला लागाव्या तसे चिकटले आणि वर आले. पावली तेवढी डब्याच्या तळाशी राहिली. लोखंड असती तर सगळ्यांच्या आधी चिकटली असती. वर्गातल्या बाया हसल्या, पण आम्हाला त्या दुकानदाराचा राग आला तो आजही आहे. ज्याला वाचता येत नाही असे वाटते, त्याला फसवायला माणसे फार विचार करत नाहीत.

या चांदीची गोष्ट सांगतो. पूर्वी गावोगावी वेगळा रुपया असे. आपल्या नागपूरकर भोसल्यांचाही रुपया होता. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात नेला की सराफ वटाव कापून घेत असे. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन बरोबर एक तोळा, म्हणजे आजचे ११.६६ ग्रॅम. त्याचे बारा भाग केले तर अकरा भाग चांदी आणि एक भाग दुसरा धातू. जुनी माणसे 'रुपयाभार चांदी' म्हणतात ते यावरूनच. ऐंशी रुपये तराजूत टाकले की एक शेर भरे. रुपयाच पैसा आणि रुपयाच वजनाचे माप! दागिना करायचा झाला तर लोक सोनाराला हेच रुपये आटवायला देत. गोठ, तोडे, पोरांचे वाळे, कितीतरी रुपयांचे असे झाले.

या रुपयावर राज्यकर्त्याचे तोंड असे. आधी चौथा विल्यम, मग राणी व्हिक्टोरिया. तो राणीछाप रुपया. मग सातवा एडवर्ड. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. मग मुकुटवाला पाचवा जॉर्ज, आणि शेवटी सहावा जॉर्ज. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची तर मोठी गंमत झाली. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती कोरला होता. पण सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला. सरकारने ते रुपये परत घेऊन आटवले आणि पुढच्या साली हत्तीची सोंड नीट केली.

मग हा रुपया बाजारातून गेला कुठे? पहिल्या महायुद्धात चांदी महागली. ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. माणसाच्या एका हातात कागद आणि एका हातात चांदी असली, तर तो दुकानदाराला काय देईल? कागदच देईल. चांदी घरात राहील. तसेच झाले. लोकांनी रुपये गाडग्यात घालून पुरले.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच ओढ लागली. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्यात तांबे, निकेल आणि जस्त. पुढे १९४१ ते १९४३ या काळात जुने अस्सल रुपये राजा-राणीच्या क्रमाने चलनातून काढले. तरी चांदी पुरेना. मग अमेरिकेकडून उसनी घेतली. घेतलेले परत करावे लागतेच. ते करण्यासाठी हे निम्म्या चांदीचे रुपयेही गोळा करून आटवले आणि त्यांतली चांदी काढली. म्हणून आज तेही फारसे दिसत नाहीत.

१९४७ चा रुपया मात्र नीट ओळखा. त्याच्या एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला वाघ. दिसतो पांढराशुभ्र. पुष्कळ घरांत तो चांदीचा म्हणून लक्ष्मीपूजनाला ठेवतात. पूजेत खुशाल ठेवा, पण तो निकेलचा आहे. चुंबक लावा, लगेच चिकटतो. चांदीला चुंबक धरत नाही. स्वतंत्र भारतात एक नाणे असे निघाले की जे चांदीचे असून बाजारात फिरले. १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीला दहा रुपयांचे नाणे काढले. वजन १५ ग्रॅम, त्यात शंभरात ऐंशी भाग चांदी. त्यावर १८६९ आणि १९४८ ही बापूंच्या जन्माची आणि मृत्यूची साले आहेत. तसेच चित्र असलेला एक रुपयाही तेव्हा निघाला, पण तो निकेलचा. म्हणून आकडा वाचा. दहा असेल तरच चांदी.

जुन्या रुपयावर साल इंग्रजी आकड्यांत असते. बसच्या पाटीवर, मोबाईलवर असतात तेच आकडे. यात एक अडचण येते. इंग्रजी आठ आपल्या चारासारखा दिसतो, फक्त वरून बंद असतो. आमच्या वर्गात एका भाऊंनी १८६२ चे १४६२ वाचले आणि शिवाजी महाराजांच्याही आधीचा रुपया सापडला म्हणून घरी पेढे वाटायची तयारी केली! आणि १८६२ लिहिलेला प्रत्येक रुपया त्याच सालचा असतो असेही नाही. त्यापुढची बारा वर्षे टांकसाळीत तेच साल छापत होते.

साल वाचले, चुंबक लावला, आता आवाज ऐका. नाणे बोटाच्या टोकावर तोला आणि दुसऱ्या नाण्याने हलकेच वाजवा. चांदी खणखणते आणि नाद रेंगाळतो. हलक्या धातूचा आवाज बद्द येतो. मग वजन. तोळाभराचा रुपया अस्सल असला तर त्यात साधारण साडेदहा ग्रॅम चांदी असते. अधेलीत सव्वापाच, पावलीत अडीचच्या वर. त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅमचा भाव वर्तमानपत्रात वाचा, गुणाकार करा. सराफाकडे जाण्याआधी हा हिशेब घरी कागदावर मांडून न्या. कागद हातात दिसला की बोलण्याचा सूर बदलतो, हे आम्ही पाहिले आहे. नाणे चकचकीत करण्यासाठी चिंच, राख मात्र लावू नका. घासल्याने चांदी झिजते, अक्षरे पुसतात, आणि जुनी नाणी जमवणारे लोक घासलेल्या नाण्याला कमी पैसे देतात.

जमवणारे किती देतात, हे विचाराल. बहुतेक जुने रुपये लाखोंनी पाडलेले, त्यांना चांदीच्या भावाहून थोडे जास्त मिळतात. १९३९ चा रुपया फार थोडा निघाला, त्याला खरी किंमत आहे. पण म्हणूनच त्याचे नकली रुपयेही फार. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल, अशी तांब्याची नाणी कोणी दाखवली तर हात जोडा आणि पुढे चला. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत.

मोबाईलवर निरोप येतो, 'तुमच्या जुन्या नाण्याचे पाच लाख देतो, आधी करापोटी दोन हजार भरा.' कधी त्यात रिझर्व्ह बँकेचेही नाव घालतात. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर सांगितले की आम्ही जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या धंद्यात नाही आणि त्यासाठी कोणाकडून पैसे मागत नाही. विकत घेणारा आपल्याला पैसे देतो. आपल्याकडूनच मागतो तो विकत घेणारा कसला?

आता गावाकडची गोष्ट. डब्यातले नाणे आपले, पण शेतात नांगराला किंवा पाया खणताना गाडगे लागले तर? १९३९ साली मंगरुळपीर तालुक्यात तऱ्हाळा गावी दीड हजारांवर जुनी नाणी निघाली. ती चांदीची नव्हती, मिश्र धातूची होती. आपल्या नागपूरचे पंडित वा. वि. मिराशी यांनी त्यांवरची अक्षरे वाचली, तेव्हा ती सातवाहन राजांची, दीड हजार वर्षांहून जुनी, असे कळले. एकदा आटवली असती तर काही कळले नसते.

अशा गुप्तधनासाठी १८७८ चा कायदा आहे. जमिनीत पुरलेली वस्तू दहा रुपयांहून जास्त किमतीची असेल तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद. रीतसर कळवले, आणि त्या धनाचा खरा मालक कोणी पुढे आला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा मिळू शकतो. सरकारला ते धन ठेवून घ्यायचे असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त द्यावा लागतो. म्हणून अर्जात तारीख, गट नंबर, नाणी किती आणि काय काय निघाले ते सगळे लिहा, खाली सही करा. अर्जाच्या दोन प्रती काढा, आणि आपल्या प्रतीवर कचेरीचा शिक्का व पोच घेतल्याशिवाय नाणी हातातून सोडू नका.