दिवाळीच्या पहाटेचे कारीट : दुःस्वप्नलोकातील प्रेमकथा आणि सणासुदीची ग्रंथनिवड



नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीवृंदावनापाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावयाचे आणि त्याचा कडू रस जिभेला लावावयाचा, ही चाल कोकणात आणि अन्यत्रही अनेक मराठी घरांनी जपली आहे. फराळाचे ताट त्यानंतर पुढे येते. करंजी, चकली, चिवडा यांच्या आधी कडू चव घेण्यामागे एक कथा आहे. प्राग्ज्योतिषपुरच्या नरकासुराने सोळा सहस्र स्त्रिया बंदिवासात टाकल्या होत्या. श्रीकृष्णाने सत्यभामेसह जाऊन त्याचा वध केला आणि त्या बंदिशाळेची दारे उघडली. दिव्यांचा हा उत्सव एका जुलमी राज्याच्या अंताची आठवण आहे, आणि त्या राज्यावर चालून गेलेले जोडपे पतिपत्नीचे आहे, ही गोष्ट फराळाच्या दरवळात सहसा लक्षात राहत नाही.

ती येथे आठवण्याचे कारण ग्रंथालयाच्या व्यवहारातले आहे. दिवाळी जवळ आली की देवघेव विभागाच्या मेजावर सणासुदीची पुस्तके मांडली जातात. विनोद, प्रवासवर्णने, चरित्रे, कौटुंबिक कादंबऱ्या आणि नवे दिवाळी अंक यांना तेथे मानाचे स्थान मिळते. भविष्यातील एखाद्या क्रूर राजवटीत दोन माणसे एकमेकांवर प्रेम करतात आणि त्यापायी संकटात सापडतात, अशी कादंबरी मात्र कपाटातच राहते. 'सणासुदीला असले अभद्र कशाला?' हा त्यामागचा प्रश्न. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही विचारपूर्वक द्यावयास हवे.

मराठी वाचनाचा इतिहास या प्रश्नाच्या बाजूने उभा राहत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि एका परंपरेला आरंभ झाला. पुढे या परंपरेने केवळ गोडधोड वाढले नाही. नारायण धारपांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा दिवाळीच्या सुटीत, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, आवडीने वाचल्या गेल्या. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी टोपण नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली. त्यानंतर बहराला आलेल्या मराठी विज्ञानकथेचे बरेचसे संगोपन दिवाळी अंकांच्याच पानांवर झाले. भय, गूढ आणि भविष्याची चिंता या तिन्ही गोष्टींना मराठी दिवाळीत पूर्वीपासून पाट मांडलेला आहे.

आता या वाङ्मयप्रकाराकडे वळू. टॉमस मूर यांनी १५१६ साली 'युटोपिया' या ग्रंथात एक कल्पित आदर्श बेट रंगविले. त्याच्या उलट अर्थाचा शब्द जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ साली ब्रिटिश संसदेतील एका भाषणात वापरला. त्यातूनच पुढे रूढ झालेल्या 'डिस्टोपिया' या शब्दाला मराठीत 'दुःस्वप्नलोक' म्हणावयास हरकत नाही. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने १९२०–२१ च्या सुमारास लिहिलेली 'आम्ही' ही कादंबरी या प्रकाराची एक मूळ कृती. तिच्यातील नागरिकांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. त्यांची घरे काचेची आहेत. पडदे ओढण्याची मुभा ठरावीक वेळी आणि गुलाबी चिठ्ठी दाखविल्यावरच मिळते. ही कादंबरी प्रथम १९२४ साली इंग्रजी भाषांतराच्या रूपाने न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. लेखकाच्या मायदेशी तिला छापखाना दिसावयास १९८८ साल उजाडले.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या '१९८४' या कादंबरीत विन्स्टन आणि ज्यूलिया यांचे प्रेम एका जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानावरील भाड्याच्या खोलीत वाढते. त्या खोलीत जुना पलंग आहे, पोवळे बसविलेला काचेचा एक गोळा आहे, आणि पाळत ठेवणारा पडदा नाही अशी त्या दोघांची समजूत आहे. ती समजूत खोटी ठरते. भिंतीवरील चित्रामागे तो पडदा असतोच. शेवटी छळापुढे दोघेही एकमेकांशी प्रतारणा करतात.

अशा कथांत प्रेमाला एवढे महत्त्व का, हे समजून घेतले की त्यांच्याविषयीचा गैरसमज दूर होतो. सर्वंकष सत्तेला माणसाचे श्रम मिळतात, भीतीपोटी त्याचे शब्दही मिळतात. पण दोन माणसांमधील जिव्हाळा सत्तेच्या हिशेबवहीत मांडता येत नाही. एखाद्या माणसाला राज्यापेक्षा दुसरे माणूस अधिक मोलाचे वाटले, की त्याच्या निष्ठेत वाटेकरी आला. म्हणून या कादंबऱ्यांतील राजवटी प्रथम प्रेमाची व्यवस्था लावतात. कोठे त्याची चिठ्ठी काढावी लागते, कोठे ते गुन्हा ठरते, कोठे आजार. साधी सर्वपरिचित प्रेमकथा ज्या गोष्टी गृहीत धरते, म्हणजे एकांत, निवड, नकार देण्याचा हक्क आणि पत्र लिहिण्याचे धैर्य, त्यांची किंमत दुःस्वप्नलोकातील प्रेमकथा वाचकाला मोजून दाखविते. ही कडू चव घेतलेला वाचक भाऊबिजेच्या दिवशी घरात मोकळेपणाने चाललेली थट्टामस्करी अधिक कृतज्ञतेने ऐकेल, असे म्हणावयास जागा आहे.

मार्गारेट ॲटवुड यांच्या १९८५ सालच्या 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीत स्त्रियांना वाचनाची बंदी आहे, इतकी की दुकानांच्या पाट्यांवरही अक्षरांऐवजी चित्रे आहेत. नायिकेला बाळगणारा अधिकारी तिला रात्री गुपचूप बोलावतो तो शब्द जुळविण्याचा खेळ खेळण्यासाठी. अक्षरे हातात घेणे हेच तेथे चोरट्या भेटीइतके निषिद्ध आणि तितकेच उत्कट होऊन बसते. वाचनालयाच्या सभासदाला वाचनाचे मोल याहून भेदकपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

या विचाराला सुरतेच्या कतारगाममध्ये निराळीच धार येते. सुरती उंधियूसाठी लागणाऱ्या पापडीमुळे एकेकाळी नावाजलेले हे गाव आज शहराचा दाट वस्तीचा भाग आहे. हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने आणि औद्योगिक वसाहतीतील यंत्रांची घरघर ही त्याची आजची ओळख. सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांचे येथे प्राबल्य आहे, आणि पोटापाण्यासाठी सुरतेत स्थिरावलेल्या मराठी माणसांची घरेही आहेत. दिवाळीत हिऱ्यांचे कारखाने दोन-तीन आठवडे बंद राहतात. वर्षभर घंटीवर आणि यंत्रावर वाकलेल्या माणसाला सलग मोकळा वेळ मिळतो तो एवढाच. सौराष्ट्राकडे बसगाड्या भरून जातात, तर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची माणसे ताप्ती व्हॅली मार्गाची गाडी धरतात. सणासाठी निवडलेले पुस्तक या प्रवासात पिशवीतून जाते. म्हणून त्याची निवड ही किरकोळ बाब नाही.

दुःस्वप्न हा शब्दही या शहराला केवळ पुस्तकी नाही. १९९४ च्या प्लेगच्या दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. २००८ च्या जागतिक मंदीत हिऱ्यांचे कारखाने दिवाळीनंतर पुन्हा उघडतील की नाही, या चिंतेने सणाचे दिवे मंदावले. २०२० च्या टाळेबंदीत गावी परतण्यासाठी कामगार रस्त्यावर आले. ज्या वाचकाने हे पाहिले, त्याला भविष्याच्या भीतीचे पुस्तक झेपणार नाही असे मानणे हा त्याच्या अनुभवाचा अवमान होय. त्याला केवळ हलकेफुलके हवे असेल, तर तेही त्याचा हक्क म्हणून द्यावे. निवड त्याच्याकडे असावी, एवढेच.

याच घरांत आणखी एक वाचक आहे, आणि ग्रंथालयाने सर्वांत जास्त काळजी तिचीच करावी. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचीही सोय आहे. तरी पुढील शिक्षण गुजराती किंवा इंग्रजीतून घेणाऱ्या मुलीला आजीच्या कपाटातील कादंबरी दूरची वाटू लागते. ती इंग्रजीतून 'द हंगर गेम्स' वाचते, ॲली काँडी यांची 'मॅच्ड' वाचते, लॉरेन ऑलिव्हर यांची 'डिलिरियम' वाचते. या तिन्ही कादंबऱ्या २००८ ते २०११ या काळात प्रसिद्ध झाल्या आणि जगभरच्या तरुण वाचकांनी उचलून धरल्या. 'डिलिरियम'मध्ये प्रेम हा रोग मानला आहे आणि अठराव्या वर्षी प्रत्येकावर त्याचा इलाज केला जातो. 'मॅच्ड'मध्ये कोणी कोणाशी विवाह करावा हे राज्ययंत्रणा ठरविते. अमेरिकेतील मुलीला ही भविष्यातील भयकल्पना वाटेल. मराठी घरातील मुलीला मात्र ती परकी वाटत नाही. स्थळ, पत्रिका, पोटजात यांची चर्चा तिने स्वयंपाकघरात ऐकलेली असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण परिषदच रद्द झाल्याने प्रत्यक्ष न झालेल्या भाषणात, आंतरजातीय विवाह हा जातिभेदावरील खरा उपाय म्हणून सांगितला. प्रेमाची निवड आणि समाजाची रचना यांचा संबंध इतका जवळचा आहे. प्रयाग अकबर यांच्या २०१७ सालच्या 'लैला' या इंग्रजी कादंबरीत तटबंदींनी जातीजमातींत वाटलेले भारतीय शहर आणि त्यात हरवलेल्या मुलीला शोधणारी आई आहे. तिचे दुःख वाचताना तो संबंध पुरेपूर उमगतो.

अशी पुस्तके वाचून मुली बिघडतील, असे एखाद्या पालकाला वाटेल. त्यावर एवढेच सांगता येईल की ज्या प्रश्नाविषयी घरात बोलणे कठीण, त्याविषयी पुस्तकाच्या निमित्ताने बोलणे सोपे जाते. आजी आणि नात यांनी एकच कथानक दोन भाषांतून जाणून घेतले, तर दिवाळीच्या दुपारी त्या दोघींना बोलावयास विषय मिळतो. हा विषय मराठीतून बोलला जातो, आणि परप्रांतात भाषा टिकते ती अशाच बोलण्यातून.

अर्थात या प्रकारातील सर्व पुस्तके सारख्या योग्यतेची नाहीत. यशस्वी कादंबरीमागोमाग तिच्या साच्यातील पुष्कळ निघतात. राजवट क्रूर, नायिका शूर आणि तिच्यावर अनुरक्त दोन तरुण, एवढ्या सामग्रीवर तीन-तीन भाग रचले जातात. निवडीसाठी एक साधी कसोटी पुरे. कथेतील राजवट काढून टाकून पाहावी. प्रेमकथा तशीच उरली, तर ती राजवट केवळ रंगविलेला पडदा होती. 'द हंगर गेम्स'मध्ये कॅटनिस आणि पीटा यांना जिवंत राहण्यासाठी प्रेक्षकांसमोर प्रेमाचे नाटक करावे लागते आणि खरे-खोटे यांतील रेषा त्यांनाच दिसेनाशी होते. येथे राजवट काढली तर कथाच उरत नाही. हे पुस्तक कसोटीला उतरते.

या कसोटीची जणू पूर्वसूचना ऑर्वेल यांनीच देऊन ठेवली आहे. त्यांची ज्यूलिया कादंबऱ्या तयार करणाऱ्या सरकारी यंत्रांवर काम करते. तिच्या हातांना तेल लागलेले असते आणि कधी हातात पाना असतो. यंत्राने घडविलेल्या कथांविषयी तिला यत्किंचितही आदर नाही, कारण त्या कशा बनतात हे तिला ठाऊक आहे. कतारगामच्या कारखान्यात दिवसभर यंत्र सांभाळणाऱ्या वाचकाला ही व्यक्तिरेखा ओळखीची वाटावी. संगणक कथा लिहू लागलेल्या आजच्या काळात तर तिचा शहाणपणा ग्रंथनिवड समितीनेही घ्यावा.

समितीसाठी 'मॅच्ड'मध्ये आणखी एक धडा आहे. तेथील राज्याने शंभरच कविता शिल्लक ठेवल्या आहेत आणि बाकीच्या नष्ट केल्या आहेत. नायिकेचे आजोबा तिला एक निषिद्ध कविता जपून देतात, आणि तिचे खरे जागेपण तेथून सुरू होते. 'वाचकांना एवढेच पुरे' असे जेव्हा एखादी समिती सद्हेतूने म्हणते, तेव्हा ती त्या राज्याच्या वाटेवर पहिले पाऊल टाकीत असते.

व्यवहारात करावयाचे ते फारसे खर्चाचे नाही. दिवाळीच्या मेजावर विनोदी पुस्तकांशेजारी या प्रकारातील चार-पाच निवडक पुस्तके ठेवावीत. ॲटवुड आणि ऑर्वेल प्रौढांसाठी. 'द हंगर गेम्स'मध्ये मुलांनीच मुलांना मारण्याचा प्रसंग असल्याने ते देताना ग्रंथपालाने वय पाहून दोन शब्द सांगावेत. सुटीत गावी जाणाऱ्यांसाठी परतीची मुदत वाढवावी. आणि कतारगामसारख्या भागात, जेथून ग्रंथालयापर्यंत येणे सर्वांना जमत नाही, तेथे एक ग्रंथपेटी पाठवावी. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने फिरत्या पेट्यांतून खेड्यापाड्यांत पुस्तके पोहोचविली होती. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाने अशाच पेट्या परदेशस्थ मराठी वाचकांपर्यंत नेल्या. आश्रयदात्यांनी दिवाळीनिमित्त द्यावयाच्या देणगीचा याहून चांगला विनियोग दुसरा कोणता?

विन्स्टन आणि ज्यूलिया यांना दुकानावरची एक खोली हवी होती, जेथे कोणी पाहत नाही आणि जुन्या वस्तूंना अजून किंमत आहे. त्यांची खोली खोटी निघाली. शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाचे मोठे भाग्य हे की त्याची खोली खरी आहे. तेथे आलेल्या वाचकाला, मग तो कारखान्यातून थकून आलेला असो की शाळेतून सुटून आलेली मुलगी असो, 'हे नको, ते वाच' असे कोणी दटावीत नाही. दिवाळीच्या पहाटे त्याच्या हाती फराळाबरोबर एक कारीटही द्यावे. ते फोडावे की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे.