आधी कडी, मग फोन



तिवसा, आर्वी, धामणगाव, चांदूर रेल्वे या पट्ट्यातून येणाऱ्या पत्रांत फिरून फिरून एकच प्रश्न असतो. घरात बिबट शिरला तर हाताशी काय असावं? कोणी कुऱ्हाडीचं विचारतं, कोणी सुतळी बॉम्बचं. कौंडण्यपूरच्या एका ताईंनी विचारलंय की उशाशी तिखटाची पुडी ठेवली तर चालेल का.

ताई, तुमची भीती मी खोटी म्हणणार नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये चंद्रपूरकडून आलेल्या वाघानं तुमच्या शेजारच्याच धामणगाव रेल्वे तालुक्यात, मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगीच्या शिवारात, दोन माणसं मारली. पुढे तो उत्तरेला निघून गेला आणि डिसेंबरात बैतूल जिल्ह्यात सारणीजवळ पकडला गेला. त्या दिवसांत कापूस वेचायला बाया शेतात जाईनात, हे मला ठाऊक आहे. पण तो वाघ होता. वाघ सहसा घरात येत नाही. बिबट येतो, आणि माणसासाठी नाही, कुत्र्यासाठी येतो. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात, आपलं अकोला नव्हे, उसाच्या मुलखातल्या बिबटांची विष्ठा तपासली. वजनाच्या हिशेबानं त्यांच्या खाण्यात 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणून यात्रा झाली की पत्रावळींचे ढीग नदीकाठी तसेच टाकू नका. त्यावर कुत्री येतात, डुकरं येतात आणि त्यांच्या मागावर तो येतो.

आता मूळ प्रश्न. हाताशी काय असावं? दाराला चांगली कडी असावी. आतूनही आणि बाहेरूनही.

मार्च 2024 मधली मालेगावची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाइलवर पाहिली असेल. एका मंगल कार्यालयाच्या ऑफिसात बारा वर्षांचा मुलगा दाराजवळ बसून मोबाइल पाहत होता. उघड्या दारातून बिबट आत आला आणि त्याच्या अगदी जवळून पुढं गेला. मुलगा ओरडला नाही. हळूच उठला, बाहेर पडला आणि दार लावून घेतलं. मग नाशिकहून पथक आलं, जनावराला भूल दिली आणि घेऊन गेलं. ना मुलाला ओरखडा, ना कोणाला.

लोक म्हणतात, पोराचं नशीब. नशीब कसलं? त्या पोरानं त्या घटकेला जे जे करायला हवं ते सगळं केलं. दिवसाउजेडी वस्तीत सापडलेला बिबट शिकारीला आलेला नसतो, तो लपायला अंधारी जागा शोधत असतो. त्याची नजर पुढच्या कोपऱ्यावर असते. बाजूला स्थिर बसलेलं माणूस त्याच्या नजरेत पटकन भरत नाही, हललेलं भरतं. पोरगं धडपडत पळालं असतं, किंचाळलं असतं, तर तो वळला असता. आणि नुसतं पळून गेलं असतं, दार उघडं टाकून, तर बिबट पुन्हा गावात. दार लावण्यात त्याची खरी हुशारी आहे.

पण दार लावायचं कधी आणि उघडं ठेवायचं कधी, हे नीट ऐका, कारण इथंच घोटाळा होतो. घरातली सगळी माणसं बाहेर असतील आणि जनावर एकटं आत असेल, तर दार लावा, बाहेरून कडी घाला. आत एखादं जरी माणूस असेल, तर त्याचा बाहेरचा रस्ता अडवू नका. दार सताड उघडं ठेवा, दारातून सगळे दूर व्हा, आणि आतल्या माणसाला दुसऱ्या खोलीत, मोरीत, जिथं दार लागतं तिथं जाऊन आतून कडी लावायला सांगा. तुम्ही स्वतःच आत त्याच्या समोर सापडलात तर पाठ फिरवू नका, खाली बसू नका, वाकू नका. वाकलेलं माणूस त्याला बकरीएवढं दिसतं. लहान लेकरू असेल तर नजर बिबटाकडे ठेवूनच लेकराला उचला आणि भिंतीच्या कडेनं सरका. त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही, एवढं ध्यानात ठेवा. अडकलेल्या बिबटाला तुम्ही खायचे नसता, त्याला फक्त वाट हवी असते. कर्नाटकात दक्षिण कन्नड जिल्ह्यात फेब्रुवारी 2021 मध्ये कुत्र्याच्या मागं धावता धावता बिबट एका घराच्या संडासात शिरला. घरच्या बाईनं बाहेरून कडी लावली. कित्येक तास कुत्रा एका कोपऱ्यात आणि बिबट दुसऱ्या कोपऱ्यात. त्यानं कुत्र्याला खाल्लं नाही. रोज कुत्र्यावर जगणारं जनावर, पण कोंडल्यावर त्याची भूकच मेली होती.

कडी लागली. आता फोन. वन विभागाचा 1926, नाहीतर 112. कोणतं गाव, कोणतं घर, जनावर कुठल्या खोलीत, आत माणूस आहे की नाही, एवढं सांगा.

आणि आता जे सांगतो ते रेडिओ जरा मोठा करून ऐका. गर्दी करू नका. बिबट घरात शिरला यात निम्मं संकट असेल, तर उरलेलं निम्मं गावानं घराभोवती जमून उभं केलेलं असतं. पथक पोचतं तेव्हा टिनावर पोरं चढलेली असतात. टिन खचलं तर थेट त्याच्या पुढ्यात पडाल, कळतं का? खिडकीतून कोणी काठी घालतं, कोणी फटाका टाकतं, कोणी फोटोसाठी कवाड किलकिलं करून पाहतं. आणि मागं उभ्या असतात आया, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू घेऊन. अगं माय, काय दाखवायचंय त्याला? घरी जा, दार लाव, त्याला दूध पाज. हे मी रागानं बोलतोय, कारण बिबटानं बाहेर उडी घेतली की पहिला पळतो तो तरणा गडी, आणि मागं राहतं लेकरू घेतलेलं माणूस.

गर्दीचं आणखी एक नुकसान लोकांना माहीत नसतं. भुलीचा डार्ट लागला की जनावर जागेवर पडतं असं सिनेमात दिसतं. खरं तर दहा-पंधरा मिनिटं लागतात, कधी जास्त. तेवढा वेळ सगळं शांत असेल तर औषध चढतं. आरडाओरडा झाला, जनावर बिथरलं, की तेच औषध अर्धवट काम करतं, आणि अर्धवट भुलीतलं जनावर शुद्धीतल्यापेक्षा वाईट. फेब्रुवारी 2016 मध्ये बंगळूरच्या एका शाळेत रविवारी बिबट शिरला होता. पकडताना माणसं जखमी झाली, त्यात बिबटांचा अभ्यास करणारा एक जाणकार होता. जाणत्या माणसांवरही ही वेळ येते, मग मागं हजार माणसं कशाला हवीत?

पुण्याचा गवा आठवा. 9 डिसेंबर 2020. कोथरूडच्या वस्तीत एक रानगवा आला. त्यानं कोणाला मारलं नव्हतं. माणसं मागं लागली, तो पळत राहिला, भिंतींना धडकत राहिला, रक्तबंबाळ झाला. शेवटी भूल देऊन पकडला आणि त्याच दिवशी मेला. गवत खाणारं जनावर होतं हो ते. एवढं मोठं शहर, एवढी शिकलेली माणसं, आणि एका मुक्या जीवाला श्वास घ्यायला जागा दिली नाही. आपल्या वऱ्हाडातल्या गावांनी तसं करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

म्हणून सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, तुम्ही ऐकताय ना? तुमचं काम बिबट हाकलणं नाही, गर्दी हाकलणं आहे. घराच्या चारी बाजूंनी दोनशे पावलं माणूस दिसता कामा नये. शेजाऱ्यांनी आपापली दारं लावून आत राहावं. भोंग्यावरून सांगा, पण त्या घरापाशी भोंगा नेऊ नका.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. विहिरीत पडलेल्या बिबटाला दगड मारू नका, पथक येईस्तोवर बाज दोरानं सोडली तर तो तिच्यावर टेकतो. घरात साप निघाला तर नजर त्याच्यावर ठेवून लांब राहा आणि सर्पमित्राला बोलवा; चावलाच तर मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना. रानडुकराला आणि रोह्याला वाट मोकळी द्या, अडवू नका. तिखटाच्या पुडीचं म्हणाल ताई, तर ती स्वयंपाकघरातच ठेवा. ती टाकायला जेवढं जवळ जावं लागतं, तेवढं जवळ जायचंच नाही.

राहिला शेतातल्या रात्रीचा प्रश्न. ओलिताची लाइन रात्रीची मिळते, हरभरा-गव्हाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, तुम्ही हौसेनं जात नाही, हे मला कळतं. पण एकट्यानं जाऊ नका. दोघं जा, मोठ्यानं बोलत जा, मोबाइलवर रेडिओ लावा, बॅटरी पायापुरती नव्हे तर पुढच्या धुऱ्यापर्यंत पडेल अशी घ्या. उभ्या तुरीच्या तासांत बसू नका, वाकून दांड फोडताना दुसऱ्यानं उजेड धरून उभं राहावं. जागलीला जमिनीवर निजू नका, माळ्यावर निजा. आणि बकऱ्यांच्या कोठ्याला वरून जाळी मारा. चार भिंती उंच बांधून छप्पर उघडं ठेवलेले कोठे मी गावोगावी पाहतो. बिबट झाडावर बकरी ओढून नेतो, तुमची भिंत त्याला काय अडवणार? जाळीचा खर्च एका बोकडाच्या किमतीच्या आत बसतो. या बाजाराला जाल तेव्हाच आणा.