इंग्रजीतला 'का'

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबांचं गाव. १८९५ साली ते इथंच जन्मले. विनोबा अनेक भाषा शिकले. आमची मुलं मात्र इंग्रजीत 'डिड यू वेन्ट?' विचारतात, कुणी हसलं की गप्प होतात. ही सवय मराठीची. 'तू गेलास का?' यात भूतकाळ 'गेलास'मध्ये. 'का' नुसता प्रश्न करतो. इंग्रजीतला 'डू' प्रश्न करतो आणि 'डिड' होऊन काळही सांगतो. मग क्रियापद मोकळं: 'डिड यू गो?' मी मुलांना सांगतो, एक ओझं दोघांनी कशाला वाहायचं? उत्तरात 'डिड' नसला, की ओझं पुन्हा क्रियापदावर: 'आय वेन्ट.' एवढं उमगलं, की विचारायला भ्यायचं कारण नाही.