बाळंतिणीचा सव्वा महिना
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात महिला शाखेच्या वतीने वाचलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बाळंतपणाचा विषय काढावा की नाही, याची आमच्या शाखेत बरीच चर्चा झाली. संस्थेचा इतिहास, शिष्यवृत्त्या, सभागृहाची वाढ हे विषय इतर वक्ते घेणारच आहेत. तेव्हा घराघरांतून घडणारी, परंतु सभेत क्वचितच बोलली जाणारी गोष्ट आम्ही घ्यावी असे ठरले. भाषणाच्या शेवटी विश्वस्तांपुढे आमची एक मागणी आहे. ती आहे एवढे आताच सांगून ठेवतो.

विषयाला निमित्त असे घडले. आपल्या बडोद्यातील कितीतरी मराठी घरांतील लेकीसुना आज अमेरिकेत आहेत. त्यांची बाळंतपणे तिकडेच होतात. कोणाची आई सहा महिन्यांच्या परवान्यावर डिंकाचे लाडू बांधून जाते, कोणाला तेही जमत नाही. हल्ली या मुली आयांना विचारू लागल्या आहेत, की इथे बाळंतिणीची वार वाळवून, तिची पूड करून कॅप्सुला भरून देतात, त्या घ्याव्यात काय? प्रश्न ऐकून पुष्कळजणी कानांवर हात ठेवतात. आमचे म्हणणे असे, की मुलीने विश्वासाने विचारले आहे, तर नाक मुरडण्यापेक्षा तिला नीट उत्तर द्यावे.

वार म्हणजे काय, हे तरुण मंडळींसाठी सांगतो. गर्भाला नाळेवाटे अन्न आणि प्राणवायू पोचविणारा, मुलाच्या पाठोपाठ बाहेर पडणारा हा अवयव. वजन साधारण अर्धा किलो. वैद्यकग्रंथांत त्याला अपरा म्हटले आहे. गर्भारपण टिकविणारी काही संप्रेरके हाच अवयव तयार करतो. वार पडली की त्यांचे शरीरातील प्रमाण एकाएकी उतरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला उगाच रडू येते, त्यामागे हे एक कारण मानतात. यावरून कॅप्सुलांच्या पुरस्कर्त्यांनी तर्क केला, की जे गेले ते पोटात परत घातले तर मन स्थिर राहील, अंगात रक्त भरेल, दूधही उतरेल. पुष्कळ सस्तन प्राणी आपली वार खातात, असाही दाखला ते देतात.

तर्क ऐकायला बरा आहे, पण तो तपासून पाहिला तेव्हा टिकला नाही. लास व्हेगास येथील नेवाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी काही बाळंतिणींना वारेच्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या पदार्थाच्या कॅप्सुला दिल्या. कोणाला कोणत्या, हे त्या स्त्रियांना ठाऊक नव्हते. 23 स्त्रियांच्या रक्तातील लोह तपासले, त्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. 2018 साली 27 स्त्रियांच्या मनःस्थितीविषयी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथेही उदासीनता, थकवा, बाळाशी जवळीक यांत ठळक लाभ दिसला नाही. प्रयोग लहान होते हे खरे. तथापि मोठा गुण असता तर त्याची चाहूल तरी लागली असती.

गुण नाही तर नाही, अपाय तरी काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील एका घटनेत आहे. 2016 साली तेथे एका नवजात अर्भकाला जंतुसंसर्ग झाला. रुग्णालयात उपचार होऊन ते घरी गेले आणि थोड्याच दिवसांत त्याच संसर्गाने पुन्हा आजारी पडले. आई वारेच्या कॅप्सुला घेत होती. त्या तपासल्या तेव्हा तेच जंतू त्यांत सापडले. सुदैवाने बाळ बरे झाले. घरातील दुसऱ्या कोणाकडून संसर्ग झाला असण्याची शक्यता अहवालाने सर्वस्वी नाकारली नाही. तरीही अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2017 साली अशा कॅप्सुला घेणे टाळावे असे स्पष्ट लिहिले, कारण त्या तयार करताना जंतू नष्ट होतीलच अशी खात्री देणारे ठरीव मानक नाही. म्हणून मुलीला आमचे उत्तर एका शब्दात आहे : नको.

आता हे सारे आपल्या जुन्या परंपरेतलेच आहे, असेही कोणी सांगतात. ते खरे नाही. 2010 साली दोन मानववंशशास्त्रज्ञांनी 179 मानवसमाजांची माहिती पडताळून पाहिली. वारेची विल्हेवाट लावण्याच्या नाना रीती त्यांना आढळल्या, परंतु आईने आपली वार खाण्याची रूढ चाल कोठेच आढळली नाही. चिनी वैद्यकात वाळवलेली वार औषध म्हणून वापरीत आले आहेत, पण तो बाळंतिणीचा नेहमीचा आहार नव्हे. आपल्याकडे तर वार मडक्यात घालून परसात किंवा न्हाणीजवळ पुरीत. गाय व्यायली तरी जार पडेपर्यंत कोणीतरी गोठ्यात बसून राही, ती तिने खाऊ नये म्हणून. आपल्या वैद्यांना काळजी होती ती अपरा पूर्ण बाहेर पडली की नाही याची. ती आत राहिली तर बाळंतीण रक्तस्रावाने किंवा तापाने दगावते, हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि आजचा डॉक्टरही वार पडल्यावर ती उलटसुलट करून अखंड आहे ना, हे प्रथम पाहतो. माणसाची जिथे नाळ पुरली असेल तिथे त्याचा जीव ओढतो, असे आपण म्हणतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना त्या बोलण्याचा अर्थ निराळा सांगायला नको.

परंतु मुलींनी हा प्रश्न विचारला तरी का, याचाही विचार केला पाहिजे. परमुलुखात दोन खोल्यांत ती एकटी. नवरा पंधरा दिवसांनी कामावर जाणार. रात्र रात्र जागरण, छाती भरून आलेली, टाके दुखताहेत, आणि विचारायला कोणी नाही. अशा वेळी कोणी बाटलीत घालून बळ देतो म्हटले, तर ती हात पुढे करणारच. आणि ही स्थिती केवळ अमेरिकेतील नाही. अलकापुरीतल्या किंवा मांजलपुरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, माहेर दूर असलेल्या, सासूही नोकरी करणाऱ्या सुनेची अवस्था फारशी वेगळी नसते.

आपल्या जुन्या बाळंतघरात या दुखण्यावर इलाज होता, आणि तो कोणत्याही काढ्यापेक्षा मोलाचा होता. बाळंतिणीभोवती माणसे असत. सुश्रुताने दीड महिना तिला सूतिका मानून जपावे असे सांगितले. आपण सव्वा महिना म्हणतो. दहा दिवसांच्या सोयरात तिला चुलीपाशी जावे लागत नसे. एक जण तेल लावी, एक जण बाळाला न्हाऊ घाली, ऊनऊन जेवण हातात मिळे. अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, खारीक-खोबरे, शेपूची भाजी. आपल्या गुजराती शेजारणी सुवावडीत बत्तीस वस्तूंचे काटलूं करतात, तेही याच जातीचे. यांतील अळिवात लोह पुष्कळ असते. मात्र एवढ्यावर विसंबू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. यासाठी सरकारी दवाखान्यांतून लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी मिळते. ती गर्भारपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस रोज एक घ्यायची असते. मूल झाले की गोळ्यांची पुडी फडताळात पडते, असा पुष्कळ घरांतील अनुभव आहे. ती चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. रक्त वाढविण्यासाठी वारेची पूड शोधण्याआधी ही पुडी शोधावी.

जुने ते सारे सोने, असेही आमचे म्हणणे नाही. त्याच बाळंतघराची खिडकी बंद असे, खाटेखाली शेगडी धुमसत असे. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साचून मायलेकरांच्या जिवावर बेतते. ओवा-शेपांची धुरी द्यायचीच तर खिडकी उघडी ठेवून, बाळाला बाहेर नेऊन द्यावी, आणि नाही दिली तरी काही बिघडत नाही. बाळंतिणीला पाणी तोडीत, ते तर अगदी चूक. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी अधिक लागते. पहिले पिवळसर चिकाचे दूध पिळून टाकीत आणि बाळाच्या तोंडात मधाचा बोळा देत. आज आपण जाणतो, की ते दूध म्हणजे बाळाचे पहिले संरक्षण. जन्मल्यापासून तासाभरात ते द्यावे आणि सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही देऊ नये. मधाने तर तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधाही होऊ शकते. कशानेही नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने किती बाळे गेली, याची गणती नाही. लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे 2015 साली हा रोग आपल्या देशातून सार्वजनिक प्रश्न म्हणून हटला. 1946 च्या भोर समितीच्या अहवालात हजार जन्मांमागे 20 माता दगावतात असा अंदाज होता, म्हणजे लाखामागे दोन हजार. 2018-20 मध्ये हा आकडा लाखामागे 97 वर आला. हे यश रुग्णालयाचे, रक्तपेढीचे आणि हात धुण्याचे आहे. जुन्या आठवणींच्या भरात ते विसरू नये.

जुने आणि नवे एकत्र पारखण्याचा धडा आपल्याला एका मराठी स्त्रीनेच घालून दिला आहे. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे पहिले मूल दहा दिवसांत गेले. पुढे त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन 1886 साली डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परक्या देशातील विद्यालयात नवे शास्त्र शिकत असताना त्यांनी आपल्या पूर्वजांचे शास्त्र अभ्यासाला घेतले. पुढच्याच वर्षी, 1887 साली, त्या निवर्तल्या. वय बावीसही पुरे झाले नव्हते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, ती मनाची. पहिल्या आठवड्यातील रडवेपणा बहुधा पंधरवड्यात ओसरतो. तो ओसरला नाही, बाळाकडे पाहावेसे वाटेना, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार आहे. आपल्या देशातील 38 अभ्यास एकत्र करून 2017 साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे शंभरातील सुमारे 22 बाळंतिणींना हे दुखणे होते. त्यावर औषध आहे, उपचार आहे. 14416 या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्लाही मिळतो. परंतु घरात तिला ऐकायला काय मिळते? "आम्हांलाही पोरे झाली, आम्ही नाही रडलो." हे वाक्य आपल्या घरांतून गेले पाहिजे.

आता आमच्या मागणीकडे येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवून बाळंतिणीच्या घरी पाठविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली हे जगापुढे आले. आज आशा कार्यकर्ती बाळंतपणानंतर सव्वा-दीड महिन्यात सहा वेळा घरी येते, त्या योजनेच्या मुळाशी हाच अनुभव आहे. दाराशी आलेल्या शिकलेल्या बाईचे सामर्थ्य केवढे, हे यावरून दिसते.

आपल्या समाजात सेवानिवृत्त परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, नातवंडे परदेशी असलेल्या आज्या आहेत. त्यांच्यातून दहा-बारा सोबतिणी निवडाव्यात आणि परिचारिकांकडून त्यांना शिकवून घ्यावे. समाजातील ज्या बाळंतिणीला सोबत हवी असेल तिच्याकडे सव्वा महिना आळीपाळीने त्यांनी जावे. बाळाला तासभर सांभाळावे, तिला झोपू द्यावे, तिचे ऐकून घ्यावे. एक छापील पत्रक प्रत्येक घरी द्यावे. अंगावरून फार जाणे, थंडी वाजून ताप, घाण वास, एका पायाला सूज आणि ठणका, अतिशय डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, एवढेच त्यावर असावे. ज्या घरी मोलकरीण परवडत नाही तेथे चाळीस दिवसांचे तिचे वेतन संस्थेने द्यावे. परदेशातील मुलींसाठी आठवड्यातून एकदा आमच्यापैकी दोघी दूरध्वनीवर बसतील. त्याला खर्च काहीच नाही.

बाळंतविडा पाठविण्याची आपली चाल आहे. झबली-टोपडी आता कोणाकडे कमी नसतात. संस्थेच्या बाळंतविड्यात यापुढे माणूस असावे, अशी आमची विनंती आहे. महोत्सवाच्या हारतुऱ्यांतून जी रक्कम शिल्लक राहील तीतून पहिल्या वर्षाचा खर्च भागेल असा आमचा हिशेब असून, तो कोषाध्यक्षांच्या हाती दिला आहे. विश्वस्तांच्या पुढील बैठकीत त्यावर निर्णय व्हावा. आमच्यातील सात जणींनी सोबतीण म्हणून नावे आजच नोंदविली आहेत. वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे.