शीळकरी कस्तूर हिवाळ्यात कोठे जातो?

आषाढातील पहाटे त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीच्या वाटेने जाणाऱ्यास झाडीतून कोणी मनुष्य शीळ घालीत चालला आहे, असा भास होतो. सूर लागतो, मध्येच ढळतो व भलतीकडेच वळतो. इंग्रजांनी या गायकास ‘आळशी शाळकरी पोरगा’ असे टोपणनाव दिले. गाण्याची गोडी पाहता ते थोडे अन्यायाचेच होय. हा शीळकरी कस्तूर. अंग काळसर निळे, कपाळ व खांदे मात्र चकचकीत निळे. सन १८३१ मध्ये व्हिगर्स या आयरिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

दिवाळीनंतर तीच वाट मुकी होते आणि पक्षी परदेशी गेला, असा समज सहज होतो. ग्रंथांत तर त्याची गणना रहिवासी पक्ष्यांत केलेली आढळते! खरी गोष्ट या दोहोंच्या मधली आहे.

पावसाळा हा त्याचा विणीचा हंगाम. धबधब्याकाठच्या कपारीत मुळे, शेवाळ व चिखल यांचे घरटे तो बांधतो. खेकडे, गोगलगाई, किडे व रानफळे यांवर त्याचा निर्वाह चालतो. वीण आटोपली की गाणे थांबते. पुढे डोंगरमाथ्याचे ओहोळ आटतात. बारमाही पाण्याजवळचे पक्षी तेथेच राहतात. काही मात्र खालच्या, झाडीने झाकलेल्या ओढ्यांकडे उतरतात. नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणारी बदके हिमालयापलीकडून येतात. त्यांच्यापुढे हा प्रवास अगदीच घरगुती. हिमालयातील त्याच्या निळ्या भाऊबंदास थंडी व बर्फ खाली लोटतात. सह्याद्रीत तेच काम कोरडे पडलेले ओहोळ करतात. म्हणूनच ‘रहिवासी’ या शब्दावर विसंबून नुसता धबधबा राखला आणि खालच्या ओढ्याकाठची झाडी तोडली, तर या पक्ष्याचे अर्धे वर्ष उघड्यावर पडते.

हिवाळ्यात एखादी तीक्ष्ण किंकाळी सोडली तर तो बहुधा गप्पच असतो. वैशाखाच्या सुमारास, पाऊस येण्यापूर्वीच, कड्यांतून शीळ पुन्हा ऐकू येऊ लागते. गाणारा खालून परतला की हिवाळाभर तेथेच मुका बसला होता, हे कानाला कळत नाही. त्यासाठी पायात रंगीत कडी घातलेला तोच पक्षी पुन्हा दृष्टीस पडावा लागतो.